गेलेला परवा, का येणारा?

नईम परवा गेला.

हे वाक्य वाचून त्यानं आधी विचारलं असतं, "कोणता परवा, ताई?"

नईम आमच्या वसमतच्या डोळ्यांच्या दवाखान्यातला प्रोग्रामर. राहायला हट्ट्याला. माझ्यापेक्षा धाकटा. झोपेतच हार्ट अटॅक आला.

मी तिथे ऑपरेशनच्या पेशंटना समजावून सांगायचं, धीर द्यायचं काम करते. शिक्षण मराठीत एम.ए. कॉम्प्युटरशी संबंध टायपिंगपुरता.

ऑपरेशननंतर लोक तपासणीला येत नाहीत, म्हणून नईमनं पेशंटना आपोआप फोन करणारा प्रोग्राम लिहिला. तो त्याला मशीनच म्हणायचा. आवाज माझा. पेशंट जे बोलेल ते मशीन लिहून घेणार आणि कोण येऊन गेलं, कोण यायचं बाकी आहे, ते ठरवणार.

प्रश्न मी लिहिला होता. छोटा, सुटसुटीत.
"ऑपरेशननंतरची तपासणी कधी?"

पहिली ट्रायल त्यानं स्वतःच्या अम्मीवर घेतली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालेलं. थोड्या वेळानं पळतच माझ्या टेबलाशी आला. चेहरा असा, की लॉटरी लागलीय.

"ताई, अम्मीनं मशीन बंद पाडली!"

अम्मी नुसतं "परसों" म्हणाल्या होत्या.

परसों म्हणजे आपला परवा. होऊन गेलेलाही तोच, यायचा तोही तोच. येऊन गेल्या का यायच्यात? मशीन गप्प.

मी म्हटलं, त्यात काय, प्रश्नात क्रियापद घालू.

"ते घालू. पण आधी हे सांगा, तुमाला कसं कळतं?"

कळतं म्हणजे कळतंच की, मी म्हटलं. जरा चिडूनच.

"तेच तर. काहून कळतं?"

खरं सांगायचं तर एम.ए. असून हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

दुपारी तो मला स्टँडसमोरच्या चहाच्या गाडीवर घेऊन गेला. चहावाल्या मामांना विचारलं, सिलिंडर कधी आणलं?
"परवा." मामांचा हात खांद्यावरून मागे गेला.

मग विचारलं, लेक माहेराला कधी येणार?
"परवा." आता हात पुढे, रस्त्याकडे.

नईमनं परत विचारलं. परत. मामा म्हणाले, साहेब, चहा प्यायला आलात का पंचांग बघायला?

नईमचा चहा तसाच गार झालेला.
"बघा ताई. क्रियापद हातात हाय. अन् फोनवर हात दिसत न्हाई."

इतकी वर्षं मी मराठी शिकले, बोलले. हात कधी बघितला नव्हता. त्या दिवसापासून मी लोकांचे हातच बघते.

प्रश्नात क्रियापद घातलं, तरी लोक "परवा" एवढंच म्हणत. मग आम्ही आणखी एक प्रश्न जोडला. माझ्याच आवाजात.
"गेलेला परवा, का येणारा?"

डोंगरकड्याच्या एका आजींचं उत्तर आलं, "बाई, गेलेला कुठं येत असतो व्हय?" नईमनं ते रेकॉर्डिंग सगळ्या स्टाफला ऐकवलं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. मशीनला उत्तर कळलं नाही की माझ्या मोबाइलवर मेसेज यायचा. मी लिहून दिलं होतं, "प्रतिसाद अस्पष्ट". त्यानं ते काढून स्वतःचं घातलं.
"समजलं न्हाई ताई. उद्या परत विचारतो."

हे काय ऑफिशियल वाटतं का, मी विचारलं.

तो म्हणाला, "मशीन चुकली तर चालतं. न समजता समजलं म्हणणारी मशीन लई वाईट."

मला ते लागलं. मीटिंगमध्ये तो काही सांगायचा तेव्हा मी बरेचदा नुसती मान हलवायचे. त्याला ते दिसत होतं का, कोण जाणे. त्यानंतर मीही "समजलं नाही" म्हणायला लागले. तो खूश व्हायचा. परत सांगायचा.

रोज सकाळी मशीनचा पहिला फोन अम्मींना जायचा, लाइन चालू आहे का बघायला. अम्मी "परसों" म्हणायच्या. मग दुसरा प्रश्न. मग "आनेवाला". हा शब्द नईमनं मशीनला खास त्यांच्यासाठी शिकवला होता.

काल सकाळी मी हट्ट्याला त्याच्या घरी गेले.

बायकांनी खोली भरलेली. मी अम्मींच्या शेजारी बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालूच असतो.

खोलीत माझा आवाज.

हा फोन जाणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आलं असतं तरी तो बंद कुठून करतात, मला ठाऊक नाही.

अम्मींनी कट केला नाही. प्रश्न पूर्ण ऐकला.
"परसों."

"गेलेला परवा, का येणारा?"

अम्मी हळूच म्हणाल्या, "गया सो."

हे मशीनला कुणी शिकवलंच नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

माझ्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. अम्मींनी विचारलं, काय आलं? मी वाचून दाखवलं.
"समजलं न्हाई ताई. उद्या परत विचारतो."

मी म्हटलं, अम्मी, दवाखान्यात सांगून हा फोन बंद करायला लावते.

त्या म्हणाल्या, "पूछने देव."

मशीनला नवा शब्द कसा द्यायचा, तेवढं नईमनं मला शिकवलं होतं. दवाखान्यात येऊन "गया सो" टाइप केलं. पण सेव्ह केलं नाही.

अजून मलाच समजलेलं नाही, तर मशीनला समजलं असं कसं म्हणू?

नईम, मनापासून निरोप. तुझा प्रश्न चालू ठेवलाय.