डब्यात उरलेली क्लिप

गॅरेजवाल्या ताईच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं इंजिनात हात घातलेली बाई, नाकावर माशी बसू द्यायची नाही. त्या सकाळी तिच्या धाकट्या भावाने शाळेच्या व्हॅनची किल्ली तिच्यापुढे ठेवली. "ताई, विकून टाक. मी आता गाडी चालवणार नाही."

झालं असं, की आदल्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी व्हॅन थांबता थांबेना. कशीबशी थांबली, तेव्हा एका पोरीचं दप्तर बंपरला टेकलं होतं. घरच्यांनी लगेच निकाल लावला: वय झालं, पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला. भावालाही ते पटलं होतं. तो सारखा आपल्या उजव्या पायाकडे बघत होता.

"अरे वा! गाडी तपासायच्या आधी पायाला फाशी?" ताई उखडली. "बस तिथे."

थंड इंजिन अगदी गुण्यागोविंदाने चाललं.

"बघ, गाडीत काही नाही," भाऊ म्हणाला.

"गप रे! काल गाडी तापलेली होती ना? मग तापू दे."

अर्धा तास तिने इंजिन चालूच ठेवलं. मग खाली वाकून ॲक्सिलरेटरचं पेडल हाताने दाबलं आणि सोडलं. इंजिन घोंघावतच राहिलं. इंजिनाच्या वेगाचा काटा खाली यायचं नाव घेईना. भाऊ ताडकन उठला. पेडलवर कुणाचाच पाय नव्हता!

आता ताई इरेला पेटली. इंजिन बंद करून तिने पेडलची केबल थ्रॉटलपासून, म्हणजे इंजिनाची हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपासून, सोडवली. थ्रॉटलची झडप टक्कन मिटली. म्हणजे झडप चोख होती. केबल ओढली, तर ती परत यायलाच तयार नाही. केबल चाचपत तिची बोटं इंजिनामागे गेली आणि थांबली. केबल धुराच्या गरम नळीवर लोंबून तिचं आवरण वितळलं होतं आणि आतली तार त्यात अडकत होती. तिला वर धरणारी क्लिपच नव्हती, नुसतं भोक होतं.

ताईला आठवलं. तीन महिन्यांपूर्वी हे इंजिन तिनेच उघडलं होतं. सगळं जोडून झाल्यावर एक क्लिप उरली होती. 'असेल दुसऱ्या गाडीची' म्हणून तिने ती चहाच्या जुन्या डब्यात टाकली होती. तिने डबा उपडा केला. क्लिप त्या भोकात चपखल बसली.

"सुटलो गं ताई!" भावाचा चेहरा उजळला. "पण कुठल्या गाढवाने हे केलं?"

'क्लिप निसटते कधीकधी' असं ताई म्हणाली असती, तरी त्याने डोळे मिटून मानलं असतं.

"ते गाढव तुझ्यासमोर उभं आहे," ताई म्हणाली. "तुझा पाय चांगला आहे. चूक माझी."

 ते दप्तर दोघांच्याही डोळ्यांपुढे होतं.

"नवी केबल घालते," ती म्हणाली. "मग तुझ्या घरी येऊन सगळ्यांसमोर सांगते. त्या पोरीच्या आईलाही सांगणार."

भावाने किल्ली उचलून खिशात टाकली. "तिच्या घरी दोघं जाऊ," तो म्हणाला. "गाडी मी चालवतो."