बावडीच्या तळाची फरशी

काय सांगू यार तुम्हाला, एका अख्ख्या मोहल्ल्याचं पाणी मी एका दुपारीत संपवलं. पिऊन नाही. काम करून!

हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

नर्मदेचं पाणी इंदुरात यायच्या आधीची गोष्ट. नळ एक दिवसाआड यायचा. यायचा म्हणजे काय, खोकायचा, थोडं थुंकायचा आणि गप्प बसायचा. मे महिन्यात तेही बंद. मग सगळा मोहल्ला आमच्या जुन्या बावडीवर. दगडी पायऱ्या उतरून जायचं, तळाशी कमरेएवढं पाणी आणि त्याखाली गाळ. पाऊस येईपर्यंत तेवढ्यावरच काढायचं.

या बावडीपासून शंभर पावलांवर मंडळाची खोली. मंडळ म्हणजे मोहल्ल्यातले सगळे रिटायर्ड मराठी म्हातारे. कुणाचे आजोबा संस्थानात कारभारी, कुणाचे पणजोबा घोडदळात. यांनी स्वतः जन्मात फाइलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं! दर रविवारी व्याख्यान. ‘पृथ्वी तगेल काय?’ ‘गोड्या पाण्याचे जागतिक संकट.’ एकदा तर जगातली जंगलतोड थांबवा म्हणून ठराव टाइप करून थेट न्यूयॉर्कला रजिस्टर पोस्टाने पाठवला. पावती फ्रेम करून भिंतीवर! आणि शंभर पावलांवरची बावडी? तिचा गाळ काढायचा विषय दोन वर्षं ‘पुढील बैठकीत’.

मी तेव्हा इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून घरी बसलेला. का सोडलं? अरे, तिथेही नुसती लेक्चरं! तेव्हापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते. माझ्याविषयी बोलायचे, तेही आईशी, मी समोर जेवत असताना. “त्याला विचार, भात हवा का.”

तर त्या रविवारी मी मंडळात घुसलो. अध्यक्ष नाना उभे होते, पंचाहत्तरीचे. एकदा बोलायला लागले की कॅलेंडरचं पान उलटावं लागे.

“मंडळी, गाळ काढण्यापूर्वी एक गोष्ट सांगणं आवश्यक आहे,” नाना म्हणाले. “आमचे तीर्थरूप तेव्हा संस्थानात ओव्हरसियर. साल नेमकं… हां, थोरल्या आत्याचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी. आत्या दिली होती देवासला.”

“नाना, बावडी!” मी ओरडलो.

“तिकडेच येतोय, बाळ. तर देवासची मंडळी फार मानी…”

माझं डोकं फिरलं. “बस करा! पृथ्वी बुडेल पण तुमची आत्या देवासला पोहोचणार नाही! जगाची काळजी करता, बादलीभर गाळ उचलवत नाही? तुम्ही बोलत बसा. मी करून दाखवतो!”

वडील पहिल्या रांगेत होते. ते पंख्याकडे बघत राहिले.

बाहेर माझा दोस्त कैलास उभा होता. सायकलींच्या दुकानात कामाला. त्याला म्हटलं, गाळ काढायचाय.

“बस इत्ता ही? चल भिया.”

बघा! याला म्हणतात माणूस. प्रस्तावना नाही, आभारप्रदर्शन नाही.

सियागंजच्या बाजारातून दोर आणला, गाळ उपसायला तगाऱ्या आणल्या, मोहल्ल्यातले सहा दणकट गडी जमवले. तीन दिवस आम्ही गुडघ्यापर्यंत गाळात, कमरेपर्यंत पाण्यात. बायका वरून पोहे पाठवायच्या. म्हातारे काठावरून सूचना पाठवायचे. नानाही एकदा काठावर येऊन “अरे ऐक, आमचे तीर्थरूप…” म्हणाले. मी खालून भरलेली तगारी वर पाठवली. त्यांच्या धोतरावर शिंतोडे उडाले, गेले परत.

चौथ्या दिवशी दुपारी गाळात खुपसलेली कैलासची लोखंडी सब्बल टणकन वाजली.

“भिया, नीचे कुछ है!”

हाताने चाचपलं. घडीव फरशी, कडेने चुना भरलेला. आणि मधोमध लोखंडी कडी!

आता तुम्हीच सांगा, कडी कशासाठी असते? ओढायला! दीड वर्षाचं इंजिनियरिंग माझ्या डोक्यात चमकलं. खाली झरा आहे! जुन्या लोकांनी त्यावर झाकण बसवलंय. काढलं की पाणीच पाणी!

“नाना से पूछ लें एक बार?” कैलास म्हणाला.

“नानाला विचारलं तर उत्तर येईपर्यंत पाऊस येईल. ओढ!”

कडीत दोर अडकवला, आठ जणांनी जोर लावला. फरशी हलली, निघाली… आणि खालून भळाभळा बुडबुडे!

“पाणी आलं! पाणी आलं!”

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! ती फरशी आम्ही पायऱ्यांवरून वर ओढून आणली, मधल्या ओट्यावर उभी केली. बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटला. माझ्या गळ्यात हार पडला. आणि वडील गर्दीतून पुढे आले, माझ्या चिखलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शाब्बास.”

माझ्याशी! थेट!

मग मला राहवतंय का? मी पायरीवर चढलो आणि बोलायला लागलो. म्हटलं, बघा, असं असतं काम! ठराव करून पृथ्वी वाचत नाही, सब्बल लागते! टाळ्या. मी आणखी बोललो.

खालून कैलासचा आवाज आला, “भिया, पानी कमर तक था ना? अब जांघ तक है.”

“प्रेशर!” मी वरून सांगितलं. “झरा आधी आत ओढतो, मग एकदम सोडतो. सायन्स आहे.”

लोकांनी माना डोलावल्या. मी परत भाषणात. दहा मिनिटांनी पुन्हा, “भिया, और उतर रिया है!”

“प्रेशर बनतंय! धीर धरा!”

तेवढ्यात काठी टेकत नाना आले. कुंकू लावलेली फरशी पाहिली आणि मटकन पायरीवर बसले.

“काढली? अरे, खाली खडकाला भेग आहे! पाणी ठरत नव्हतं म्हणून तीर्थरूपांनी बूच बसवलं होतं तिथे!”

“पण कडी?”

“कडी खाली उतरवायला होती रे!”

माझा स्फोट झाला. “मग सांगितलं का नाही? तीन शब्द होते नाना! फरशी काढू नका! तीन!”

“अरे, पण आधी प्रस्तावना नको?”

जीव घ्यावासा वाटला. त्यांचा की माझा, ते ठरेना.

हार घालणारे दणकट गडी तोवर गुपचूप पसार झाले होते. आणि मग जे झालं ते मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नानांनी धोतर खोचलं. मंडळाच्या खजिनदारांनी कोट काढला. माझ्या वडिलांनी चष्मा आईकडे दिला. फाइलीपेक्षा जड न उचललेले पाच म्हातारे आणि कैलास, त्या फरशीला भिडले!

“अजून गुडघाभर आहे, वाचेल!” नाना ओरडले. “अरे, बघतोस काय? धर! तुझ्याशिवाय उचलत नाही!”

मी वाकलो. कडीला हात लावला. आणि सांगतो तुम्हाला, ते हात हलेनात. पुन्हा चुकलं तर? उलटी बसली तर? भेग आणखी फाटली तर? माझं सायन्स, माझी सब्बल, माझा राग, सगळं त्या भेगेतून कधीच खाली गेलं होतं.

“अरे धर ना!” वडील म्हणाले. त्यांच्या हातातून फरशी सुटत होती.

माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले. देवाशप्पथ, माझ्याच तोंडून. “नाना, घाई नको. आधी सगळे बसू. एक बैठक घेऊ.”

सहा जणांनी फरशी कशीबशी चार पायऱ्या उतरवली आणि तिथेच टेकवली. खाली शेवटचं पाणी घुटुक घुटुक करत गेलं आणि चिखल चमकायला लागला. पावसाला अजून महिना होता.

पायरीवर रिकामा हंडा घेऊन बसलेली समोरच्या घरातली भाभी उठली. पदर झटकला.

“रख लो भिया, मीटिंग रख लो,” ती म्हणाली. “बस, पीने का पानी सब अपने-अपने घर से लाना.”