कंसमामांची तीन टिंबं

भाचरांनी त्यांचं नाव कंसमामा ठेवलं ते काही दुष्टपणावरून नव्हे. मामांनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर स्वतःची संगणकभाषा रचायला घेतली, तीही लिस्प या जुन्या संगणकभाषेच्या घराण्यातली. तिथे सगळं यादीत लिहायचं आणि प्रत्येक यादी कंसात. त्यांच्या स्क्रीनवर पाहावं तिथे कंसच.

मामांच्या थोरल्या ताईचं स्वेटर विणायचं छोटं वर्कशॉप होतं. मशीनच्या नक्ष्या ती भावाच्याच भाषेत लिही. एका सकाळी तिचा फोन आला, "अरे, तुझी भाषा रुसलीये. मशीन अर्ध्यात थांबलंय."

मामा लगेच गेले. स्वेटर म्हणजे ओळींची यादी. ताईने मध्येच काठाच्या चार ओळींची यादी घातली होती, ती कंसासकट तशीच बसली होती. मशीन ओळ मागत होतं आणि हाती येत होतं गाठोडं.

"ओळी मोकळ्या पसरायच्या तर स्वल्पविरामाला चिकटून ॲटचं चिन्ह द्यायचं. वहीत लिहून दिलं होतं मी."

"आणि नुसता स्वल्पविराम दिला तर?"

"मग गाठोडं येणार."

"म्हणजे माशीच्या पायाएवढं चिन्ह राहिलं की माझा दिवस गेला. हे ठरवलं कुणी?"

"जुन्या जाणत्यांची रीत आहे, ताई."

"ते जाणते स्वेटर विणायचे का?"

मामांना ते झोंबलं. चहाला न थांबता ते घरी आले, पण डोक्यातून विषय जाईना. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने वर्कशॉपमध्ये स्टूल टाकून बसले. मशीन चालवणाऱ्या बाईंनी भिंतीवर आपला कागद लावला होता. त्यात एकीकडे नुसतं 'काठ' लिहिलं होतं, दुसरीकडे 'काठ' आणि पुढे टिंबं.

"ही टिंबं कशाला?" मामांनी विचारलं.

"नुसतं काठ म्हणजे तयार पट्टी जोडायची, सर. टिंबं असली की काठाच्या ओळी तिथेच एकेक विणत जायच्या."

मामा कागदाकडे बघतच राहिले. याहून सरळ काय असणार?

पुढचे तीन आठवडे त्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. एक टिंब त्यांच्या भाषेत दोन गोष्टींची जोडी बांधायला आधीच लागत होतं. दोन टिंबं घाईत एकासारखी दिसत. शेवटी तीन ठरली, तीही नावाच्या पुढे. यादी रिकामी निघाली तर तिथे काहीच उरू नये, साधी फटही नाही, हेही त्यांनी ठरवलं. आणि यादी नसलेल्या गोष्टीपुढे टिंबं दिली तर मशीन म्हणे, "यात उलगडण्यासारखं काही नाही."

ते वाचून ताई हसत सुटली. "अगदी तुझ्यासारखं बोलतंय."

त्या दुपारी काठ बिनबोभाट विणला गेला. मग बाई स्वतः कीबोर्डपाशी बसल्या, तीन टिंबं दिली आणि गळ्याची नक्षी उतरवली. जरा वेळाने मान वळवून म्हणाल्या, "सर, याच ओळी खालून वर उलगडायच्या असल्या तर?"

मामांनी स्टूल पुढे ओढलं. "ताई, एक कोरा कागद दे बघू. आणि चहा टाक."