काडीवरचा पहिला तुकडा

सव्वीस वर्षं त्सुरुएबाईंनी आगीकडे पाठ करून काम केलं. जपानमधल्या कुरुमे शहरातलं ते भाजलेल्या कोंबडीचं दुकान म्हणजे शेगडीसमोर नऊ स्टुलं आणि कोपऱ्यात सहा जणांचं एक टेबल. पुढे शेगडीवर त्यांचे यजमान, योशिहारु कुसानो. मागे, फ्रीज आणि भिंत यांच्या मधल्या फळीपाशी त्या. अकरा ते चार कोंबडी कापायची आणि तुकडे बांबूच्या काड्यांत ओवायचे, रोज चारशे काड्या. पाचला दुकान उघडलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "योशिहारुच्या हाताला चव आहे." मागच्या हातांचं नाव कुणी काढत नसे.

फेब्रुवारीत योशिहारु गेले. एकोणपन्नास दिवसांचे विधी झाले आणि पन्नासाव्या दिवशी बाईंनी स्वतः कोळसा पेटवला.

धाकटे दीर मासाफुमी धावत आले. इमारत त्यांच्या नावावर, त्यामुळे दुकानात कोण उभं राहणार हे ठरवणंही आपल्याच हातात, असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, शेगडीवर बाई दिसली की गिऱ्हाईक बिचकतं. मी हाकाताहून माणूस आणतो. तुम्ही मागेच बसा, आरामात."

"आरामात? चारशे काड्या तुम्ही ओवून बघा एकदा."

"तसं नाही हो... बरं, असं करू. ताजिरी साहेबांचं शुक्रवारचं टेबल टिकलं तर राहा पुढे. ते तुटलं तर माणूस येणार."

पंपाच्या कारखान्यातले ताजिरी साहेब अठरा वर्षं दर शुक्रवारी आपली माणसं घेऊन येत. ते बसले की टेबल भरायचं, टेबल भरलं की रस्त्यावरून जाणारेही आत डोकावायचे. शेगडी बाईंकडे राहणार की नाही, ते आता त्या सहा खुर्च्यांवर ठरणार होतं.

पहिले दोन शुक्रवार बाईंनी कोळशावरून नजर न काढता निभावले. तिसऱ्या शुक्रवारी मी आणि शेजारचे न्हावी इनादा, दोघंही रोजची गिऱ्हाइकं, स्टुलांवर इथे फुकट मिळणारी कोबीची पानं चावत बसलो होतो. बाईंनी कोंबडीच्या मांडीच्या सहा काड्या ताटलीत ठेवून टेबलावर दिल्या. मग जे अठरा वर्षं होत आलं होतं तेच झालं. साहेबांचे दुय्यम, चाळिशीचे नागुमो, बाह्या सारून पुढे सरसावले आणि एकेका काडीवरचे तुकडे चॉपस्टिकने ताटलीत ओढू लागले. सगळ्यांना सगळं थोडं थोडं मिळावं, कुणी कुणाचं उष्टं खाऊ नये, म्हणून. आमच्याकडे ऑफिसच्या जेवणात हे करणारा माणूस मोठा समंजस समजला जातो.

त्सुरुएबाईंनी हे समोरून कधी पाहिलंच नव्हतं. मागे त्यांना दिसायच्या त्या फक्त परत आलेल्या रिकाम्या काड्या.

"नागुमो-सान, थांबा."

चॉपस्टिक हवेत राहिली.

"तुकडे काढू नका. काडीवरूनच खा."

नागुमोंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले. "अहो बाई, आमची ही पद्धतच आहे. वाटून खातो. प्रेम वाढतं."

"प्रेम बिअर वाटून वाढवा. काडी एकाची असते."

इनादा माझ्या कानाशी पुटपुटले, "आज कोळशापेक्षा बाई जास्त तापल्यात."

साहेबांचं हसू मावळलं. "योशिहारु अठरा वर्षांत एकदाही बोलला नाही."

"ते कसे बोलतील? काड्या त्यांनी कुठे ओवल्या होत्या? त्या मी ओवल्यात." बाईंनी एक काडी उचलून उभी धरली. "वरचा तुकडा सगळ्यात मोठा. मीठही त्याच्यावर जास्त, कारण तुम्ही तो बिअरच्या पहिल्या घोटाबरोबर खाणार. खाली येताना तुकडे लहान होतात, मीठ कमी होतं, कारण तोवर तुमची जीभ भरलेली असते. मी हे तुकडा तुकडा बघून लावते. तुम्ही ते ओरबाडून ढीग करता, अर्धे गार होतात, आणि मग योशिहारुचा हात कसा चांगला ते एकमेकांना सांगता. ढीगच खायचा असेल तर मी कढईत करून देईन. पण मग इथे कशाला येता?"

शेगडीवर चरबीचा थेंब पडून चर्र झालं.

"आम्हाला दुसऱ्या जागा आहेत," साहेब म्हणाले.

"आहेत ना. स्टेशनसमोरच तीन आहेत. तिथे वाटायला मोठ्या ताटल्याही देतात."

साहेब उठले तसे सगळे उठले. नागुमो तेवढे दाराशी वळले आणि त्यांनी कंबरेतून वाकून नमस्कार केला. माफी मागत होते की आणखी काही, मला कळलं नाही.

"गेलं टेबल," इनादा म्हणाले.

"गेलं," बाई म्हणाल्या आणि कलेजीच्या काड्या उलटवू लागल्या. एकही काडी करपली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच मासाफुमी हजर. सोबत हाकाताचा माणूस, रुंद मनगटांचा, शांत. दुकान उघडल्याची खूण म्हणून दारावर पडदा लागतो, त्याच्या आधी बाई आम्हा दोघांना आत बसू देतात, म्हणून आम्ही तिथेच होतो.

"साहेबांचा फोन आला होता. वहिनी, ठरलं होतं ते ठरलं होतं."

"हो. शेगडी घ्या. काड्या मात्र मी ओवणार नाही."

"नका ओवू. त्यात काय लागतं? कुणीही ओवेल."

बाईंनी मांसाचं ताट आणि काड्यांची जुडी त्यांच्यापुढे सरकवली. "मग तुम्हीच ओवा. दहाच ओवा."

मासाफुमींनी कोट काढला. कपाळावर घाम येईपर्यंत दहा काड्या ओवल्या आणि एकदा बोटातही टोचून घेतलं. बाईंनी त्या शेगडीवर मांडल्या आणि म्हणाल्या, "उलटा." मासाफुमींनी काडी फिरवली. काडी फिरली, मांस जिथल्या तिथे. दुसरी फिरवली, तेच. काडी तुकड्याच्या बरोबर मध्यातून आणि मांसाच्या धाग्यांना आडवी गेली नाही तर ती मांसाला धरतच नाही, नुसती आत गरगरते. दहाच्या दहा काड्या वरून कच्च्या आणि खालून काळ्या झाल्या.

"मासाफुमी-सान," इनादा म्हणाले, "माझ्याकडे या, निदान दाढी तरी दोन्ही बाजूंनी सारखी होईल."

हाकाताच्या माणसाने बाईंनी दुपारी भरलेल्या डब्यातली एक काडी उचलली. वरून खाली नीट पाहिली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

"बारा वर्षं भाजतोय," तो म्हणाला. "असं ओवणारं माणूस मागे असेल तर मी उद्यापासून येतो."

"ते माणूस मागे नाही," त्सुरुएबाई म्हणाल्या. "पुढे आहे."

तो मासाफुमींना म्हणाला, "माझं इथे काम नाही," आणि निघून गेला.

मासाफुमी बोट चोखत उभे होते. "आणि शुक्रवारचं टेबल? ते कोण भरणार?"

"नाही भरलं तर रिकामं राहील. मी नाही हलणार."

"उन्हाळ्यापर्यंत बघू," मासाफुमी म्हणाले. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"बघा. पण बसून बघा, दारात उभे राहून वाट अडवू नका." बाईंनी तोवर चिमट्याने कच्ची बाजूही भाजून घेतलेल्या त्या दहा काड्या ताटलीत काढून त्यांच्यापुढे आपटल्या. "आणि हे टाकायचं नाही. एकेक खा, काडीवरूनच."

एवढं बोलून त्या पडदा लावायला बाहेर गेल्या.