ज्यांचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं

माझ्या नाकावर राग असायचा, हे आधीच सांगून टाकतो. मी नवा डॉक्टर, राणीसावरगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला सरकारी दवाखाना, आणि अंगात शहाणपण नुसतं उतू चाललेलं. आमच्या नर्सबाई चुडाव्याकडच्या. पंधरा वर्षं नोकरी झालेली, पण आवाज कधी चढायचा नाही. मी खेकसलो की त्या ‘बरं, साहेब’ म्हणायच्या आणि त्यांना हवं तेच करायच्या. तेव्हा माझा नुसता संताप व्हायचा. आज विचाराल तर त्यांच्याएवढं मोठं माणूस मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

दवाखान्यात एक रीतच पडून गेली होती. मास्तर, ग्रामसेवक, देवळातले पुजारी आले की खुर्चीत बसायचे, बाही वर करायचे आणि म्हणायचे, जरा बीपी बघा. शेतातली माणसं भिंतीला टेकून खाली बसायची. त्यांच्या नावापुढे ताप, हगवण, विंचू, विळ्याची जखम. बायकांच्या नावापुढे डोकेदुखी, नाही तर अंगदुखी. तपासणीला आलेल्या साहेबांना रजिस्टर दाखवून मी छाती फुगवून सांगितलं, की बीपी आणि साखर ही बैठ्या नोकरदारांची दुखणी, कष्टकऱ्याला कशाला होतील! साहेब गेल्यावर नर्सबाई म्हणाल्या, ज्याच्या दंडाला पट्टा बांधला त्याचंच बीपी निघणार ना. मी त्यांना गप्प केलं.

बायकांना पट्टा न बांधायला माझ्याकडे एक सबबही होती. चोळीची बाही दंडावर इतकी घट्ट, की बोटभरसुद्धा वर सरकत नाही. पुरुष डॉक्टरनं हट्ट तरी किती धरायचा? खरं सांगायचं तर ते माझ्या पथ्यावरच पडलं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. घर अल्पभूधारकाचं, सून पस्तिशीची. तिची ती चौथी खेप. डोकं फुटतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, एवढंच ती सांगायची. सासूचं म्हणणं, वेचणी आली की हिचं डोकं बरोबर दुखतं, एरवी नाही. तीनदा मी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. वर सासूला हसत म्हणालोही होतो, की काही झालेलं नाही, कामाला लावा. असा मी शहाणा.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नाही, दवाखान्यात माणसं मोजकीच. मी चौथ्यांदा त्याच गोळ्या लिहीत होतो. नर्सबाईंनी सुनेला पडद्याआड नेलं. ब्लेडनं तिच्या बाहीची आतली शिवण चार बोटं उसवली आणि पट्टा बांधला. मी आत जाऊन ओरडलोच, की लोकांचे कपडे फाडायला लागलात का! त्या शांतपणे म्हणाल्या, “शिवून देते मी. तुमी आधी पारा बघा, साहेब.”

मी पारा पाहिला. पुन्हा पाहिला. दुसऱ्या दंडाची शिवण उसवून तिथंही पाहिला. दोनशेच्या वर. ती बाई त्या तशा डोक्यानं रोज दिवसभर कापूस वेचत होती.

नर्सबाईंनी तिला खाली बसवून समजावलं, की रक्ताचा जोर वाढलाय, गोळी रोज घ्यायची, दुखो न दुखो, नाही तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल. अर्धं अंग जाण्याचं तिला काहीच वाटलं नसावं. तिनं एकच विचारलं, “म्हंजे म्या सोंग करीत नव्हते ना, बाई?”

आणि ती रडायला लागली.

नर्सबाई सुईत दोरा ओवून बाही शिवायला बसल्या. मान वर न करता मला म्हणाल्या, “सासूला तुमी सांगा. माझं खरं वाटायचं न्हाई त्यांना.” माझ्या जिवावर आलं. तीन वेळा जे बोललो होतो ते माझ्याच तोंडानं गिळावं लागणार होतं. पण गेलो. सासू ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, तुमची सून खरंच आजारी आहे, लय आजारी आहे, आणि तीन वेळा चूक माझी झाली.

आता ही भांडणार, म्हणून मी तयारीत होतो. आतून सुनेचं रडणं ऐकू येत होतं. सासूनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“माझं बी असंच दुखतंय, डाक्टर,” ती म्हणाली. “ती नांदायला यायच्या आधीपासून. म्या कुणाला सांगितलंच न्हाई.”