वकीलसाहेबांच्या बेडकीचे दिवे

बहात्तरच्या दुष्काळात माझे आईवडील औसा रोडवर खडी फोडायला होते. मी तेव्हा दहा वर्षांची. शेत आमचं नव्हतंच, त्यामुळे पीक गेलं असं म्हणायची सोय नव्हती. गेलं ते काम. ज्यांच्या रानात आई खुरपायला जायची त्यांनीच जनावरं सोडून दिली, तेव्हा आम्ही गाव सोडून लातूरला आलो. कामावर खायला सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. मिलोची भाकरी थापतानाच फुटायची. आई ती तशीच तव्यावर टाकायची आणि म्हणायची, "पोटात जाऊन फुटणारच हाय की."

खडी वाहायला ट्रक यायचे. एकदा एका ट्रकचे दिवे गेले आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. जेवणाच्या सुट्टीत दादा त्या ट्रकखाली शिरले आणि तार हाताने चाचपत चाचपत गेले. तुटलेली जागा सापडली. ड्रायव्हरने त्यांना शहरातल्या गॅरेजात नेऊन उभं केलं. त्या दिवसापासून दादा हेल्पर झाले आणि दहा वर्षं हेल्परच राहिले. गाड्यांची वायरिंग ते करायचे, नाव मालकाचं व्हायचं. तिथे त्यांचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीत उपडा ठेवलेला. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते.

दादांना अक्षर येत नव्हतं. तारांच्या खुणा ते दोऱ्याच्या गाठींनी करायचे. पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ म्हणजे डिपर, दोन म्हणजे फुल लाइट, तीन म्हणजे छोटा दिवा. कधी कधी एखाद्या तारेला काळी चिंधी बांधलेली असायची. ती कशाची, हे मी कधी विचारलं नाही. पांढरा दोरा संपला असेल, असं वाटायचं.

मी नांदेडला होस्टेलवर राहून बी.एस्सी. झाले. विषय फिजिक्स. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि वस्तीतल्या मुलींमध्येही पहिली. परत आले तर लातूर ओळखू येईना. नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्या, साहेब, साहेबांच्या जिपा. गाड्या एवढ्या वाढल्या की तारा जोडणाऱ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. पण स्वतःचं दुकान टाकायचं तर रस्त्यावर जागा लागते, आणि आमच्यासारख्याला रस्त्यावर जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. दादांनी चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी जागा नेमकी भावाला, मेव्हण्याला द्यायची ठरलेली निघाली.

अशात वकीलसाहेबांची गाडी पुन्हा गॅरेजात आली.

वकीलसाहेब म्हातारे. औशाच्या कोर्टात वकिली करायचे, आणि घर औसा रोडला, शहराच्या बाहेर. निजामाच्या जमान्यात हैदराबादला शिकलेले. तिथूनच त्यांनी पुढे ही विलायती गाडी आणली होती. दोन माणसांचीच. कापडाचं छत, हिरवा रंग, लांब नाक, आणि बसायची जागा जमिनीपासून जेमतेम वीतभर. पुढचे दोन गोल दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. पोरं तिला बेडकी म्हणायची. ती जवळून गेली की आवाज कानाने नाही, छातीने ऐकू यायचा. मी पहिल्यांदा तिच्या नाकावर हात ठेवला तेव्हा ती बंद होती, सावलीत गार होती, तरी मी हात दचकून मागे घेतला. माणसांनी नुसतं वेगात जायला एवढी देखणी वस्तू बनवावी, याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे वेगात जायचं कारण म्हणजे दवाखाना.

गाडी देखणी, पण दिवे रॉकेलच्या चिमणीसारखे. दिवस मावळला की वकीलसाहेबांना औशाहून परतताना रस्ता दिसायचा नाही. एकदा बिनकंदिलाची बैलगाडी अगदी पुढ्यात आल्यावर दिसली आणि बेडकी चारीत उतरली. गॅरेजच्या मालकाने बल्ब बदलून पाहिले. फरक पडेना, तेव्हा तो म्हणाला, "गाडी जुनी झाली साहेब. आता चष्मा बदला."

वकीलसाहेबांना ते लागलं. दादा एकटे दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचं काय मत, मिस्त्री?"

दादांना मिस्त्री म्हणणारा हा पहिला माणूस. दादा म्हणाले, "पोरीला विचारून सांगतो."

मी गाडी पाहिली. बॅटरीतून निघालेली वीज बारीक तारेने स्विचपर्यंत, तिथून परत पुढे दिव्यापर्यंत, एवढी वाट चालून अर्धमेली व्हायची. स्विच हाताला गरम लागत होता. पुस्तकात हे सगळं होतं. दिव्यांना जाड तारेने थेट बॅटरीतून वीज द्यायची, मध्ये रिले बसवायचा, म्हणजे स्विचने नुसता हुकूम सोडायचा आणि ओझं रिलेने उचलायचं. आणि दिवे नवे, हॅलोजनचे. मी हे सांगितलं तर दादा म्हणाले, "म्हंजी साहेब सही करतो अन् काम शिपाई करतो."

"तसंच."

वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं आणि कंपाउंडच्या रस्त्याकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पत्र्याचं एक रिकामं शेड होतं. "मिस्त्री, दिवस मावळल्यावर ही गाडी मला औशाहून घरी आणील असं करून द्या. तो कोपरा तुमचा. नाही जमलं तर पानवाला मागतोच आहे."

घरी आल्यावर दादा आईला एवढंच म्हणाले, "मला मिस्त्री म्हणला त्यो."

मी एस.टी.ने नांदेडला गेले आणि देगलूर नाक्यावरच्या ट्रकच्या सामानाच्या दुकानातून दोन नवे दिवे, बल्ब, रिले आणि जाड तार घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "कोणता ट्रक, ताई?" मी म्हणाले, "बेडूक."

गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच आम्ही वकीलसाहेबांच्या अंगणात बसलो. दादांनी हॅलोजनचा बल्ब पाहिला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा.

"एवढुसा?"

"एवढाच. पण काचेला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की बल्ब जातो."

"कुणाचंच बोट न्हाई?"

"कुणाचंच नाही दादा. कलेक्टरचंही नाही."

दादा खूप हसले. धुतलेल्या रुमालात तो बल्ब धरून त्यांनी बसवला, आणि दिवसभरात दोनतीनदा स्वतःशीच म्हणाले, "कलेक्टरचं बी न्हाई."

दुपारी ते रिले ठेवायला पट्टी वाकवून आणायला लोहाराकडे गेले. मी एकटीच होते. जुन्या तारा सुती कापडात गुंडाळलेल्या, तेला-धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या, आणि त्यांवर दादांच्या गाठी. वर्षानुवर्षं गॅरेजात बेडकीचं काम तेच करत आले होते. मला ते गबाळं वाटलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असं कोणी चालवून घेतलं नसतं. मी सगळ्या गाठी, चिंध्या ब्लेडने कापून टाकल्या. छोटा टेस्ट लॅम्प लावून एकेक तार तपासली. लॅम्प पेटला की तार चांगली. सगळ्याच चांगल्या निघाल्या. मग काळी टेप गुंडाळून, कागदावर नंबर लिहून, सरळ रांगेत बांधून टाकल्या. दादा आले. थोडा वेळ बघत उभे राहिले.

"काय करायलीस, माय?"

"स्वच्छ करते."

ते काही बोलले नाहीत. शिकलेल्या मुलीला काय बोलायचं, हे त्यांच्या मनात आलं असणार. मी बोलू द्यायला हवं होतं.

दिवस मावळला. वकीलसाहेब काळा कोट घालूनच बाहेर आले, जणू निकाल आहे. मी स्विच दाबला. डावा दिवा असा पेटला की समोरच्या गोदामाच्या भिंतीवरचा एक एक पोपडा दिसला. उजवा मात्र विझत्या निखाऱ्यासारखा लाल. मी पुन्हा दाबला. तसाच.

वकीलसाहेब म्हणाले, "मिस्त्री, एका डोळ्याने मी येतच होतो की."

मी बल्ब अदलाबदल केले. रिले पाहिला. नवी तार टोकापासून टोकापर्यंत पाहिली. सगळं बरोबर होतं, आणि उजवा दिवा लालच. पानवाल्याचं शेड मला तिथूनच दिसायला लागलं.

दादा खाली वाकले. डोळे मिटले आणि उजव्या दिव्यामागच्या तारांवरून बोटं फिरवत गेले, तशीच जशी त्या ट्रकखाली फिरवली असतील. एका जागी थांबले.

"हात लाव."

मी लावला. टेपखाली तार चटका बसावा इतकी गरम होती.

"इथं काळी चिंधी होती."

"कापली मी."

"ती म्हंजी हिच्यावर वझं टाकू नको. आतून खचलीय. दोनचार केसं राहिलेत धरून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा लॅम्प लहान. लहान वझं ती उचलती."

ती वीज परत नेणारी तार होती, दिव्यापासून गाडीच्या अंगापर्यंतची. जाणारी वाट मी नवी केली होती. परतीची जुनीच ठेवली होती. दोन्ही वाटा मिळून एक सर्किट होतं, हे मी तीन वर्षं परीक्षेत लिहीत आले होते. आणि दादांनी ते कधी न वाचता चिंधीत बांधून ठेवलं होतं. त्या क्षणी मला माझ्या डिग्रीची लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू. पण दादांच्या बोटांकडे मी जसं पाहत राहिले, तसं नंतर कोणत्याही यंत्राकडे पाहिलेलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"तार काप. नवी जोड. तूच जोड."

मी जोडली. दादांनी गाठ मारायला दोरा पुढे केला. मी तीही मारली.

या वेळी स्विच वकीलसाहेबांनी दाबला. दोन्ही दिवे एकदम आले. पांढरा, स्वच्छ उजेड. गोदाम, त्याच्या बाजूचं कुंपण, त्यापलीकडची बाभळ, तिच्यावर बसलेले बगळे. बगळे उडाले. आमच्या घरी तेव्हा चिमणी होती. एवढा उजेड आपल्या हातातून निघाला हे माझ्या डोक्यात मावेना.

मग दादांनी गोदामाच्या भिंतीवर कोळशाने दोन फुल्या मारल्या, पावलं मोजून मागे आले, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये म्हणून दिवे स्क्रू फिरवून खाली घेतले.

"चला मिस्त्री, बसा," वकीलसाहेब म्हणाले.

दादांनी सीटवर टाकायला पोतं आणलं. कपडे तेलकट होते. वकीलसाहेबांनी ते पोतं उचलून अंगणात फेकलं. "गाडी बसायलाच असते."

मी रस्त्यावर उभी राहिले. बेडकी औशाच्या दिशेने गेली. उजेड तिच्या पुढे पळत होता आणि रस्त्याच्या कडेची खडी एकेक खडा होऊन उठून दिसत होती, प्रत्येकाला स्वतःची सावली. मधल्या वर्षांत वर डांबर पडलं होतं. कडेला अजून दुष्काळातली खडी उघडी होती. तीच, आईदादांनी फोडलेली.

परत आल्यावर दादा गाडीतून उतरायला वेळ लावत होते. जागाच एवढी खाली होती. उभे राहिले आणि म्हणाले, "आपली खडी दिसली, माय. समदी दिसली."

वकीलसाहेबांनी शेडची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आत जाऊन चहा आणायला सांगितलं. तीन कप आले, तिन्ही सारखे.

पुढच्या आठवड्यात दादांनी गॅरेज सोडलं. खिडकीतला कप तिथेच राहिला. शेडवर मी पाटी रंगवली, 'ऑटो इलेक्ट्रिक', आणि खाली 'मिस्त्री' लिहून दादांचं नाव. स्वतःचं नाव त्यांनी त्या पाटीवर बघून गिरवलं आणि लिहायला शिकले. मी पुढे नांदेडला फिजिक्स शिकवायला लागले. दादांनी त्या कोपऱ्यात एकोणीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलं.