काचेवरचा थर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते सावनेरच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या गुरुजींचे. मॅट्रिकनंतर वडील मला कोळशाच्या खाणीवर लावायला निघाले होते. गुरुजी आले, ओसरीवर बसले आणि वडील कॉलेजला हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. प्रयोगाच्या वहीत मी पुस्तकातलं उत्तर उतरवलं की ते म्हणत, "दिसलं तेच लिही गा बाबू. पुस्तकाले डोये नाहीत."

त्यांच्यामुळे मी नागपूरला एम. एस्सी.पर्यंत पोचलो आणि एका प्राध्यापकांच्या हाताखाली पडलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला शेवटचा डोळा कधी लावला, हे विभागात कोणालाच आठवत नव्हतं. कोट मात्र रोज कडक इस्त्रीचा.

यीस्टची वाढ मोजायची त्यांची एक पद्धत होती. गोड रसात यीस्ट वाढवायचं, रस ओतून घ्यायचा, त्याचा गढूळपणा यंत्रावर पाहायचा आणि फ्लास्क घासायला मोरीत. काचेला जे चिकटून राही ते कुठेच मोजलं जात नसे. या पद्धतीने त्यांनी यीस्ट गर्दीत मरतं असा आलेख काढला होता, आणि त्या आलेखावर पदवी, खुर्ची आणि एक परदेशवारी मिळवली होती.

मी जुन्या, यीस्टने भरलेल्या रसातून यीस्ट गाळून काढलं, उरलेल्या पाण्यात साखर आणि बाकीचं खाद्य पुन्हा घातलं आणि त्यात थोडं नवं यीस्ट सोडलं. खायला भरपूर असूनही ते हळू वाढलं आणि बरंचसं काचेला बुळबुळीत थरासारखं धरून बसलं. ताज्या रसाच्या फ्लास्कात थर नव्हता. थर खरवडून काचपट्टीवर पाहिला, तर पेशी जिवंत होत्या.

जुन्या रसाला गुलाबाचा पुसट वास येई. तसाच वास असलेल्या एका रसायनाची बाटली विभागाच्या कपाटात होती. त्यातले थेंब ताज्या रसात टाकले, तर तिथेही थर धरला. म्हणजे गर्दी झाली की यीस्टच रसात काहीतरी सोडतं, आणि त्यावरून बाकीचं यीस्ट पसरायचं थांबून चिकटून बसतं, असा माझा अंदाज होता. मी तसं प्रबंधात लिहिलं.

सर मला नावाने कधी हाक मारत नसत. त्यांनी फ्लास्क खिडकीशी धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सावनेर, भांडी घासायला कोराडीच्या वीजकेंद्रातून राख मागवू का?"

घाण काचेची असती तर ताज्या रसातही दिसली असती, असं मी म्हणालो. यावर त्यांनी गुलाबाचा एवढाच शौक असेल तर न्हाव्याच्या दुकानात जा, असं सुचवलं. सगळे हसले. दोघं जण थोडं उशिरा हसले, कारण आधी त्यांना सरांचं तोंड पाहून घ्यायचं होतं. विभागात बुद्धीचा वापर एवढ्यापुरताच होता.

मग मला खोलीत बोलावून त्यांनी दार लावलं. आवाज गोड झाला होता. "थराचं प्रकरण प्रबंधातून काढून टाक. मी सही करतो, आणि पुढच्या सत्रापासून तू इथेच व्याख्याता. घरी वाट पाहत असतील ना?"

वाट पाहतच होते. आमच्या घरात पदवीचा कागद माझ्याआधी कोणी पाहिला नव्हता. पण त्या खुर्चीमागे भिंतीवर चौकटीत त्यांचा आलेख टांगलेला होता. मरणाची म्हणून काढलेली ती उतरती रेघ मी पाहत राहिलो. या माणसाचं अर्धं यीस्ट जिवंतपणी मोरीत गेलं होतं आणि त्यावर तो मोठा झाला होता. मी नाही म्हणालो आणि बाहेर येऊन पोस्टातून अंतर्देशीय घेतलं.

"गुरुजींना साष्टांग नमस्कार. प्रकरण काढलं नाही, म्हणून सही झाली नाही, नोकरीही गेली. बाबांना तुम्हीच सांगा. तुमचं ते ऐकतात. शाळेत विज्ञान शिकवायला जागा असेल तर कळवा. शनिवारच्या गाडीने येतो. सोबत एक फ्लास्क आणतो आहे, न घासलेला. तुम्ही पाहा आणि दिसेल तेच सांगा."